पाद्री स्टीफन्सची ओवी आणि बाबूराव पेंटरांचा कॅमेरा

1616 साली गोव्यातील राशोल येथे येशूसंघाच्या छापखान्यातून एक मराठी ग्रंथ बाहेर पडला. त्याचा कर्ता इंग्रज होता. फादर थॉमस स्टीफन्स हे 1579 साली गोव्यास आले आणि चाळीस वर्षे साष्टी व आसपासच्या मुलखात राहून 1619 साली तेथेच देवाघरी गेले. त्यांचा हा ग्रंथ पुढे 'ख्रिस्तपुराण' या नावाने प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे 11 हजार ओव्या आहेत, आणि देवनागरीचे खिळे उपलब्ध नसल्याने तो रोमन लिपीत छापावा लागला.

या ग्रंथात फादर स्टीफन्सचे स्वतःचे असे काय आहे, असा विचार केला तर मोठी पंचाईत होते. कथा पवित्र शास्त्रातली. पुराणाची चौकट या भूमीतली. ओवी ज्ञानदेव-एकनाथांनी घडविलेली. भाषा तर साष्टीच्या लोकांच्या तोंडची आणि संतांच्या पोथ्यांतली. मग कवीने केले काय ?

हा प्रश्न आम्हांस नव्याने पडला तो मुरगूड मुक्कामी. वेदगंगेकाठच्या या गावी लिहिण्याची हौस असलेल्या काही मंडळींशी आमचे बोलणे चालले होते. त्यांतील एका तरुण शिक्षकाने सांगितले की, त्याने कविता लिहिणे बंद केले आहे. जे सुचते ते कुणीतरी आधीच लिहून ठेवलेले आढळते. उष्टे वाढण्यापेक्षा ताट रिकामे बरे, असे त्याचे म्हणणे. त्याच्या बोलण्यात आढ्यता नव्हती, खरी खंत होती. अशा वह्या आपल्या कुटुंबांतूनही किती मिटल्या गेल्या असतील, कोण जाणे.

आमचे धर्मशास्त्र या बाबतीत स्पष्ट आहे. शून्यातून निर्माण करणे हे एकट्या परमेश्वराचे काम, असे संत थॉमस अक्वायनस यांनी मांडले. मनुष्याला लाकूड आधी लागते, मग तो खुर्ची करतो. शब्द आधी लागतात, मग तो कविता करतो. तेव्हा 'कुणाचेही ऋण नसलेले' असे काही लिहिण्याचा हट्ट म्हणजे देवाच्या आसनावर बसण्याचा हट्ट होय. परंतु एवढे सांगून भागत नाही. कारण चोरी करणाऱ्यालाही हेच उत्तर सोयीचे पडते.

आपल्याकडील जुन्या साहित्यशास्त्रज्ञांनी यावर अधिक बारकाईने विचार केला आहे. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धन होऊन गेला. त्याच्या 'ध्वन्यालोक' या ग्रंथाच्या शेवटच्या भागात दोन काव्यांमधील साम्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. एक साम्य आरशातल्या प्रतिबिंबासारखे : त्याला स्वतःचा प्राणच नाही. दुसरे चित्रासारखे : मूळ वस्तूवरून काढलेले, पण परक्याच देहाचे. तिसरे दोन माणसांमध्ये असते तसे. दोघांनाही नाक, डोळे, हात सारखेच; म्हणून कुणी एकाला दुसऱ्याची नक्कल म्हणत नाही. पहिली दोन साम्ये कवीने टाळावीत, तिसऱ्याला भिऊ नये, असा त्याचा निवाडा. पुढे दहाव्या शतकातील राजशेखराने तर 'काव्यमीमांसा' या ग्रंथात काव्यातील उचलेगिरीचे प्रकारच लावून दाखविले. कवी आणि वाणी हे दोघे चोरीवाचून नसतात, ज्याला ती झाकता येते तो सुखी, असे हा खट्याळ पंडित म्हणतो. राजशेखराचे घराणे महाराष्ट्रातले होते, हे येथे सहज नोंदवून ठेवतो.

आता ख्रिस्तपुराणाकडे पुन्हा वळू. ग्रंथाच्या आरंभी एक ब्राह्मण पाद्रीला विनंती करतो की, नवख्रिस्ती लोकांना जुन्या पुराणांच्या जागी आपल्या भाषेत काही द्यावे. ही विनंती वाचताना आमचे मन अस्वस्थ होते. साष्टीतील देवळे 1567 च्या सुमारास पाडली गेली होती, जुन्या पोथ्या बाळगण्यास मनाई होती. म्हणजे ज्या पोकळीत हे पुराण उभे राहिले, ती पोकळी आपल्याच लोकांनी केलेली होती. हे न सांगता फादर स्टीफन्सचे नुसते गोडवे गाणे प्रामाणिकपणाचे नाही. त्यांचे मोठेपण असे की, पोर्तुगालहून आणलेली गाणी त्यांनी त्या पोकळीत भरली नाहीत. त्या लोकांच्या कानांत जी लय होती तीच त्यांनी आपली मानली.

आणि येथेच नवे काही घडले. ज्ञानदेवांनी मराठीचा अभिमान बाळगताना अमृताशी पैज मांडली होती. फादर स्टीफन्सही मराठीची थोरवी गातात. पण ते मोगरी, कस्तुरी, मोर यांच्याशी तिची तुलना करतात. अभिमान तोच, दृष्टी वेगळी. एक आपल्या आईची बाजू घेतो आहे. दुसरा दूरदेशाहून येऊन या भाषेवर लुब्ध झाला आहे. स्वर्गाला 'वैकुंठ' म्हणण्याचे धाडसही पाहावे. शब्द जुना, अर्थ जुना, परंतु दोहोंची गाठ पूर्वी कुणी घातली नव्हती. आनंदवर्धनाच्या हिशेबाने हे तिसऱ्या प्रकारचे साम्य, यात आम्हांस शंका नाही. एकनाथांनी 1584 साली ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करून तीत कुणी आपली भर घालू नये अशी ताकीद दिली, तेव्हा फादर स्टीफन्स गोव्यात येऊन पाचच वर्षे झाली होती. ताकीद ज्ञानेश्वरीच्या पोथीपुरती होती. ओवीला कुलूप कुणीच घातले नव्हते.

हा ग्रंथ 1649 व 1654 मध्ये पुन्हा छापला गेला. पुढे 1684 साली पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले. छापील प्रती नाहीशा झाल्या. हस्तलिखिते मात्र राहिली, आणि त्यांवरून सालढाणा यांनी 1907 मध्ये मंगळूर येथे ग्रंथ पुन्हा प्रकाशित केला. निव्वळ नक्कल असती तर ती कुणी हाताने उतरून ठेवली असती काय ?

दुसरे उदाहरण मुरगूडकरांना अधिक जवळचे आहे. 1910-11 च्या सुमारास दादासाहेब फाळके यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर प्रभू येशूचे चरित्र सरकत होते आणि त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या उभी राहत होती, असे त्यांनीच 1917 साली लिहिले आहे. स्टीफन्सनी आमच्या पुराणातून ख्रिस्त सांगितला. तीनशे वर्षांनी फाळक्यांना ख्रिस्तचरित्रातून कृष्ण दिसला. देण्याघेण्याचा हा हिशेब कोण मांडणार ? 1913 साली त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला.

कोल्हापुरात बाबूराव पेंटर आणि त्यांचे बंधू आनंदराव नाटकांचे पडदे रंगवीत असत. त्यांना चित्रपटाचे वेड लागले. विलायती कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नव्हती. आनंदराव 1916 मध्ये वारले. बाबूरावांनी जुन्या यंत्राची रचना अभ्यासून, दामले यांच्या साहाय्याने, 1918 च्या सुमारास कॅमेरा स्वतः घडविला. कॅमेऱ्याचा शोध त्यांनी लावला नव्हता. पण उघडून, समजून घेऊन, एकेक भाग आपल्या हाताने घासून बसविणाऱ्याला नकलाकार म्हणायला आमची जीभ धजत नाही. महाराष्ट्र फिल्म कंपनीला पैशाचे साहाय्य मिळाले ते तानीबाई कागलकर या गायिकेकडून. कंपनीचा 'सैरंध्री' 1920 मध्ये आला. कथा महाभारतातली, आणि तीवर खाडिलकरांचे 'कीचकवध' हे नाटक आधीच गाजून सरकारने बंद केलेले. तरीही लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरविले. पुढे 'सिंहगड' (1923) मध्ये त्यांनी रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला. तेथेही कथा हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीतली होती.

आमच्या मते त्यांची सर्वांत स्वतंत्र कृती म्हणजे 1925 चा 'सावकारी पाश'. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरील या मूकपटात देव नाहीत, राजे नाहीत. कर्जापायी जमीन गमावून शहराकडे जाणारा शेतकरी आहे, आणि ती भूमिका तरुण व्ही. शांताराम यांनी केली. असा शेतकरी कागल तालुक्यातल्या कोणत्याही गावात पाहावयास मिळाला असता. म्हणजे बाबूरावांनी कल्पनेने काही निर्माण केले नाही. जे सर्वांसमोर होते, पण पडद्यावर आणण्याजोगे कुणाला वाटले नव्हते, ते त्यांनी आणले. पौराणिक चित्रपटांना मिळाली तेवढी साथ प्रेक्षकांनी त्याला दिली नाही. तरीही बाबूरावांचा जीव त्या कथेतून निघाला नाही. 1936 साली, बोलपटाच्या काळात, त्यांनी 'सावकारी पाश' पुन्हा काढला. स्वतःच्याच कृतीशी असलेले हे साम्य कोणत्या प्रकारात घालावे, याविषयी आनंदवर्धनाने काही लिहून ठेवलेले आमच्या पाहण्यात नाही.