देव्हाऱ्याची लाख

आमच्या कोरीव सागवानी देव्हाऱ्याला सुताराने चपडा लाखेचं पॉलिश सुचवलं. ती स्पिरिटमध्ये विरघळवून सपाटीवर मलमलीच्या बोळ्याने, नक्षीत ब्रशने लावायची. चकाकी सुरेख येते. पण लाख म्हणजे पळस, कुसुम, बोरीवरच्या किड्यांचा स्राव. ती खरवडताना असंख्य जीव जातात. हेमचंद्राचार्यांनी 12व्या शतकात ‘योगशास्त्रा’त श्रावकाला वर्ज्य 15 कर्मादानं सांगितली; त्यांत लाक्षावाणिज्य आहे. सुतार म्हणाला, “व्यापार वर्ज्य आहे ना, तुम्ही तर फक्त लावणार.” पण गिऱ्हाईक आहे म्हणूनच व्यापार चालतो. शेवटी आपल्या वऱ्हाडातलं जवसाचं तेल पातळसं तीनदा लावलं, दरवेळी नीट वाळू दिलं. चकाकी कमी आहे, पण हात जोडताना मनात काही खटकत नाही.