कन्नडचं इंजिन आणि सांगोल्याचा लाल बावटा

माझं गाव देवगाव रंगारी, तालुका कन्नड. राजकारणाच्या गप्पा निघाल्या की मी एक प्रश्न हमखास टाकतो. 2009 मध्ये मनसेचे 13 आमदार निवडून आले, ते कुठून? मुंबई, कल्याण, नाशिक, खडकवासला ही उत्तरं पटापट येतात. राहिलेलं नाव कुणालाच आठवत नाही. ते म्हणजे आमचं कन्नड! अख्ख्या मराठवाड्यातली एकुलती एक जागा.

आता गंमत बघा. राज ठाकऱ्यांनी शिवसेना सोडून 9 मार्च 2006 ला पक्ष काढला. दुकानांच्या पाट्या, नोकऱ्या, टॅक्सीवाले.. सगळे शहरातले विषय. कापूस आणि मका पिकवणाऱ्या तालुक्याला त्याचं काय? पण इंजिनावर उभे होते हर्षवर्धन जाधव, कन्नडचे माजी आमदार रायभान जाधव यांचे चिरंजीव. माझ्या मते लोकांनी इंजिन नाही, घर ओळखलं.

2014 ला तेच जाधव शिवसेनेकडून निवडून आले आणि मनसे राज्यात एका जागेवर आली. 2018 मध्ये मराठा आरक्षणाच्या प्रश्नावर जाधवांनी आमदारकीचा राजीनामा दिला आणि स्वतःचा शिवस्वराज्य बहुजन पक्ष काढला. म्हणजे फुटून निघालेल्या पक्षातून बाहेर पडून मूळ पक्षात, आणि तिथूनही फुटून आणखी एक पक्ष! 2019 च्या लोकसभेला औरंगाबादमधून ते अपक्ष लढले आणि तब्बल 2 लाख 83 हजारांवर मतं घेतली. त्या निवडणुकीत इम्तियाज जलील यांनी चंद्रकांत खैरेंना हरवलं, फक्त 4,492 मतांनी. पण काही महिन्यांतच विधानसभेला कन्नड गेलं शिवसेनेच्या उदयसिंग राजपूतांकडे.

याच्या शेजारी जुनं उदाहरण ठेवून बघू. 1947-48 च्या सुमारास केशवराव जेधे, शंकरराव मोरे ही मंडळी काँग्रेसमधून फुटली आणि शेतकरी कामगार पक्ष उभा राहिला. 1950 मध्ये दाभाडीला पक्षाने आपली भूमिका लेखी मांडली, तोच दाभाडी प्रबंध. पुढे 1954 मध्ये जेधे स्वतःच काँग्रेसमध्ये परतले. संपला का पक्ष? नाही. कुलाब्यात, म्हणजे आजच्या रायगडात, तो टिकला. सांगोल्यात गणपतराव देशमुख 1962 पासून तब्बल 11 वेळा आमदार झाले, सगळ्या वेळा शेकापचेच.

शेकापचं फार कौतुक करायचं नाही. सांगोल्यातही पुढे घराणं आलंच. 2024 ला पक्षाची जी एक जागा आली ती गणपतरावांच्या नातवाची. पण त्याच निवडणुकीत मनसेची पाटी कोरी राहिली, हेही खरं.

तर सांगायचा मुद्दा असा. पक्ष फुटणं हे काही पाप नव्हे. आत ऐकून घेत नसतील तर माणूस बाहेर पडणारच. पण फुटून निघालेला पक्ष खरा की नावाचा, हे संस्थापक निघून गेल्यावर कळतं. मागे लेखी कार्यक्रम आणि तो धरून बसलेले चार कार्यकर्ते उरले, तर मतदाराला जाब विचारायला दार उरतं. नाहीतर उरतं फक्त चिन्ह. कधी इंजिन, कधी धनुष्यबाण.

दिवाळीत गावी जाल तेव्हा आपल्या तालुक्यात एवढंच बघून या: नेता गेल्यावर पक्षाच्या कचेरीचं कुलूप कोण उघडतं?