उत्कीर्णन यंत्रे, मोठ्या आकारमानाची

शिला, धातू, लाकूड, काच इ. पदार्थांच्या पृष्ठभागावर विस्तृत आकाराचे चित्र वा अक्षरे कोरणारी, अम्लाने उठविणारी अथवा उमटविणारी यंत्रे. लहान कामात रेषेची सूक्ष्मता हाच यंत्राचा मुख्य गुण मानला जातो. मोठ्या कामात मात्र तीच सूक्ष्मता पाटाच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत टिकते की नाही, यावर निवड ठरते. शिवाय एकदा घेतलेले मोठे यंत्र मालकाला एका ठराविक प्रकारच्या कामाशी बांधून ठेवते. महाराष्ट्रात या निवडीचा इतिहास खंडाळ्याचा घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या लोणावळा व मळवली या गावी ठळकपणे पाहावयास मिळतो.

शिलामुद्रण : बव्हेरियातील आलोइस झेनेफेल्डर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधून काढलेल्या या पद्धतीत सामान्यतः कोरीव काम नसते. झोल्नहोफेन येथील घट्ट चुनखडकाच्या सपाट शिलेवर स्निग्ध खडूने चित्र काढतात व शिला ओली ठेवून शाई लावली, की ती स्निग्ध भागावरच धरते. मोठ्या भित्तिचित्राला ही पद्धत सोयीची, कारण शिलेच्या आकाराएवढे चित्र हाताने थेट काढता येते. अडचण वजनाची. ६० × ८० सेंमी. मापाची व ८ सेंमी. जाडीची शिला सुमारे १०० किग्रॅ. भरते आणि रंगीत चित्रास प्रत्येक रंगाची स्वतंत्र शिला लागते. त्याहून मोठी अडचण रंगजुळणीची होय. दमट हवेत कागद शेकडा पाव भाग जरी वाढला, तरी ७० सेंमी. लांबीवर पावणेदोन मिमी. चूक पडते. तळहाताएवढ्या चित्रात हा दोष डोळ्यांस दिसतही नाही. मोठ्या चित्रात देवतेच्या ओठांचा रंग ओठांबाहेर जातो.

राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांना सर टी. माधवराव यांनी १८८४ मध्ये सुचविले होते, की काही चित्रे यूरोपात पाठवून त्यांच्या तैलरंगी मुद्रित प्रती काढवाव्यात. रविवर्म्यांनी अखेर वेगळा मार्ग पत्करला. चित्रे परदेशी पाठविण्याऐवजी यंत्रे व ती चालविणारे जर्मन तंत्रज्ञ येथे आणून त्यांनी १८९४ मध्ये गोवर्धनदास खटाव मखनजी यांच्या भागीदारीत मुंबईस छापखाना उभारला. व्यवस्था धाकटे बंधू सी. राजराजवर्मा यांच्याकडे होती. ‘शकुंतलाजन्म’ हे तेथून निघालेले पहिले चित्र. लक्ष्मी व सरस्वती यांची चित्रे त्यानंतर घरोघरी गेली.

कलेच्या दृष्टीने हा निर्णय धाडसी होता. हिशेबाच्या दृष्टीने मात्र तो जड गेला. अवजड यंत्रसामग्री सतत काम मागते. मूळ चित्रातील छटा अनेक शिलांवर विभागून पुन्हा हाताने रेखाटणारे कुशल कारागीर लागतात. अशा स्थितीत १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ उद्‌भवली व पुढे छापखाना मळवली येथे हलविण्यात आला. खंडाळ्याच्या घाटातील १८६३ मध्ये खुल्या झालेल्या लोहमार्गामुळेच एवढ्या वजनाच्या सामग्रीचे असे स्थलांतर शक्य झाले. या मार्गाचा तीव्रतम चढ ३७ स १ इतका आहे. तथापि कर्ज वाढतच गेले आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत छापखाना जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांना विकावा लागला. श्लायशर यांनी देवादिकांच्या चित्रांबरोबर व्यापारी लेबले व जाहिराती यांची कामे घेतली. मोठी यंत्रे मोकळी राहू न देण्याचा हा व्यवहारी उपाय होता आणि त्यावरच छापखाना दीर्घकाळ चालला. १९७२ मध्ये तो आगीच्या भक्ष्यस्थानी पडला.

ठसे व कॅमेरा : धुंडिराज गोविंद फाळके (१८७०–१९४४) यांनी मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले होते. पुरातत्त्व खात्यातील नोकरी सोडून त्यांनी लोणावळा येथे ‘फाळके एन्ग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स’ काढले. कॅमेऱ्याने घेतलेली प्रतिमा शिलेवर उतरवून देण्याचे काम तेथे मुख्यतः मळवलीच्या रविवर्मा छापखान्यासाठी होई. हाताने रेखाटण्याचा मोठा भाग यामुळे वाचला. ज्या कारागिरांचे पोट त्या रेखाटनावर होते, त्यांची गरजही अर्थातच घटली.

पुढे फाळके त्रिरंगी ठशांकडे वळले व छापखाना दादरला गेला. ठशाच्या पद्धतीत आकाराची मर्यादा अनेक बाजूंनी येते. छटा ठिपक्यांत विभागणारी आखीव काचेची जाळी ऋणप्रतिमेएवढी मोठी असावी लागते आणि आकाराबरोबर तिची किंमत झपाट्याने चढते. धातूचा पत्रा अम्लात सर्वत्र सारखा खावा लागतो. छापताना दाबही क्षेत्रफळाबरोबर वाढतो व पत्र्यातील किंचित उंचसखलपणा कागदावर डागाच्या रूपाने उमटतो. म्हणून भिंतीवरील चित्रास शिला आणि पुस्तक-मासिकांच्या पानास ठसा, अशी विभागणी स्वाभाविकपणे झाली. पुरुषोत्तम विश्राम मावजी यांच्या भागीदारीत या छापखान्याचे नाव ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ झाले. रंगीत छपाईची यंत्रे घेण्यासाठी फाळके १९०९ मध्ये जर्मनीस गेले. धंदा वाढला, पण कारभारावरून मतभेद होऊन काहीही लाभ न घेता त्यांनी भागीदारी सोडली. यंत्र पारखणारा एक आणि भांडवल दुसऱ्याचे, अशा व्यवस्थेत पारख करणाऱ्याच्या हाती अखेर काही उरत नाही, याचे हे बोलके उदाहरण आहे. १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट त्यानंतरचा.

लेसर यंत्रे : मुद्रणाच्या धातुपत्र्यांवर प्रतिमा उमटविण्याचे जे काम पूर्वी कॅमेरा व अम्ल करीत, ते आता बव्हंशी लेसर शलाकेकडे आले आहे. लाकूड, ॲक्रिलिक, चामडे, काच यांवरील उत्कीर्णनास मुख्यतः कार्बन डाय-ऑक्साइड लेसर वापरतात. त्याचा शोध १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सी. कुमार एन. पटेल यांनी लावला. त्यांचा जन्म बारामतीचा (१९३८) व अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याचे. या लेसरची १०·६ मायक्रॉन तरंगलांबी सेंद्रिय पदार्थांत चांगली शोषली जाते. उघडी धातू ती बहुतांशी परावर्तित करते, म्हणून धातूच्या कामास सुमारे १ मायक्रॉन तरंगलांबीचा तंतू-लेसर घेतात.

मोठ्या पाटाच्या यंत्रांचे दोन प्रकार आहेत. एकात आरसे झटपट वळवून शलाका फिरवितात. वेग पुष्कळ मिळतो, पण क्षेत्र वाढविण्यासाठी दीर्घ नाभीय अंतराचे भिंग घ्यावे लागते व त्यामुळे केंद्रित बिंदू जाड होतो. दुसऱ्यात भिंगच रुळांवरून सरकते. यात पाट मोठा करता येतो; मात्र दूरच्या कोपऱ्यापर्यंत शलाकेला अधिक अंतर कापावे लागते, ती किंचित पसरते आणि आरशाची थोडी चूकही तेथे मोठी होते. वेळेचा हिशेबही आधीच करावा लागतो. १ चौ. मी. पृष्ठावर ०·१ मिमी. अंतराने रेषा घेतल्यास भिंगाला १० किमी. प्रवास करावा लागतो. सेकंदाला ५०० मिमी. वेगाने, वळणाचा वेळ सोडून, साडेपाच तास होतात. केवळ लेसरची शक्ती वाढविल्याने हा वेळ घटत नाही, त्यासाठी सांगाडाही तितकाच दृढ लागतो. पॉलिव्हिनिल क्लोराइडाचे पत्रे मात्र कोणत्याही यंत्रावर घेऊ नयेत. त्यांतून निघणारा हायड्रोजन क्लोराइड वायू कामगारांना घातक असून रूळ व भिंगेही खातो. यंत्र पारखताना एकच बारीक नमुना पाटाच्या चारही कोपऱ्यांत व मध्यभागी कोरून घेतात आणि पाचही ठसे भिंगाखाली शेजारी ठेवून पाहतात.