दृष्टी नेणारा जुना पाहुणा

'उत्परिवर्तन' हा शब्द एरवी जीवशास्त्राच्या पुस्तकातच पडून राहिला असता. मार्च २०२० मध्ये सांगली जिल्ह्यातले पहिले कोरोना रुग्ण इस्लामपुरात सापडले, पुढच्या वर्षी 'डेल्टा' आला, आणि हा शब्द आमच्याकडे चहाच्या टपरीवरही ऐकू येऊ लागला. विषाणू रूप बदलतो, हे आता सर्वांना ठाऊक झाले आहे. पण अशाच बदलाचा एक जुना इतिहास माणसाच्या डोळ्यात घडला आहे. तो फारसा सांगितला जात नाही, म्हणून आज सांगतो.

या इतिहासातला विषाणू म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरस, थोडक्यात सीएमव्ही. १९५० नंतरच्या दशकात तो प्रयोगशाळेत वेगळा करता आला आणि १९६० मध्ये थॉमस वेलर यांनी त्याला हे नाव दिले. आपल्या देशात बहुतेकांच्या शरीरात तो लहानपणीच शिरतो आणि ओसरीवरच्या पाहुण्यासारखा जन्मभर गुपचूप बसून राहतो. प्रतिकारशक्ती शाबूत आहे तोवर त्याचा उपद्रव सहसा जाणवत नाही.

१९८१ मध्ये एड्सची पहिली नोंद झाली आणि चित्र पालटले. निरोगी माणसाच्या रक्तात दर घन मिलिमीटरला साधारण ५०० हून अधिक सीडी-४ पेशी असतात. त्या ५० च्या खाली गेल्या, की हा पाहुणा उठतो आणि डोळ्याच्या आतले दृष्टिपटल नासवत जातो. डोळा दुखत नाही, लालही होत नाही. नजरेपुढे ठिपके तरंगतात, एखादा कोपरा दिसेनासा होतो. १९९६ पूर्वी अमेरिकेत एड्सच्या सुमारे ३० टक्के रुग्णांना हा विकार होत असे.

भारतात एचआयव्हीचा पहिला शोध १९८६ मध्ये चेन्नईत लागला. तो लावणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे, मराठी घरातल्या. त्याच शहरातल्या शंकर नेत्रालयाच्या डॉक्टरांनी एड्समधील नेत्रविकाराचे देशातले पहिले दोन रुग्ण १९९५ मध्ये नोंदवले. आमचा भागही दूर नव्हता. इस्लामपूरजवळच्या पेठ नाक्यावरून पुणे-बंगळूर महामार्ग जातो, आणि सांगलीत १९९२ पासून 'संग्राम' ही संस्था एचआयव्हीच्या प्रश्नावर काम करू लागली होती.

१९८९ मध्ये गॅन्सिक्लोव्हिर या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. या औषधाची गंमत अशी, की ते जागे करण्याचे काम विषाणूचेच एक विकर करते. त्या विकराच्या जनुकाचे नाव यूएल ९७. या जनुकात बारीकसा बदल झाला, की औषध निजलेलेच राहते आणि विषाणू मोकळा सुटतो. त्या काळच्या एका अभ्यासात नऊ महिन्यांच्या उपचारानंतर सुमारे पाव रुग्णांमध्ये औषधाला न जुमानणारा विषाणू आढळला होता.

दुसरी भिन्नता निसर्गतःच असते. विषाणूच्या कवचावर ग्लायकोप्रोटीन बी नावाचे प्रथिन असते. त्याच्या जनुकावरून १९९१ मध्ये चार मुख्य प्रकार ठरवले गेले. यातला कोणता प्रकार डोळा घेतो, हे कळले तर धोका आधीच ओळखता येईल, अशी आशा होती. काही अभ्यासांनी एका प्रकाराकडे बोट दाखवले, इतरांना ते पटले नाही. ठाम उत्तर हाती लागले नाही.

मग डोळे वाचले कसे? मला या इतिहासातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. १९९६ च्या सुमारास एचआयव्हीवर तीन औषधांचा एकत्रित उपचार सुरू झाला. सीडी-४ पेशी वाढल्या आणि सीएमव्हीचे नवे रुग्ण झपाट्याने घटले. विषाणूच्या प्रत्येक रूपामागे धावून जे साधले नाही, ते घरचा पहारेकरी पुन्हा उभा केल्याने साधले. भारतात सरकारने ही औषधे १ एप्रिल २००४ पासून मोफत द्यायला सुरुवात केली.

तरीही धोका टळलेला नाही. लाजेपोटी किंवा भीतीपोटी तपासणी लांबवणारे, औषधे मध्येच सोडणारे, अवयवरोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे, या सर्वांच्या शरीरात तो पाहुणा आहेच. नासलेले दृष्टिपटल कोणत्याही औषधाने परत येत नाही. म्हणून ज्यांच्या सीडी-४ पेशी फार खाली गेल्या आहेत, त्यांनी डोळा दुखण्याची वाट पाहू नये. बाहुली मोठी करणारे थेंब घालून दृष्टिपटल तपासून घ्यावे. त्या तपासणीला अर्धा-एक तास लागतो. गेलेली नजर मात्र जन्मभर मिळत नाही.