केमररचे ‘गोल्डन रूल’ दुकान

केमरर हे अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातील कोळसा खाणींचे छोटे गाव. जे. सी. पेनी या देशभर पसरलेल्या दुकानसाखळीची सुरुवात येथे १४ एप्रिल १९०२ रोजी झाली.

जेम्स कॅश पेनी यांनी एक-तृतीयांश भागीदारीसाठी २,००० डॉलर घातले. त्यांतील १,५०० डॉलर कर्जाऊ होते. मुख्य पेठेपासून बाजूला, एका खोलीची लाकडी इमारत हे दुकान. खाली कापड, कपडे व बूट विकले जात. वर माळ्यावर पेनी कुटुंब राही. मालाची रिकामी खोकीच टेबल-खुर्च्यांच्या कामी येत.

गावात खाणकंपनीच्या दुकानातून उधारीवर माल मिळे आणि मजुरी त्या खात्यातच वळती होई. त्यामुळे रोखीचे दुकान येथे चालणार नाही, असे समजले जाई. पेनी यांनी मात्र फक्त रोखीने आणि सर्वांना एकाच भावात विक्री ठेवली. बुडीत उधारीचा बोजा नसल्याने भाव कमी ठेवता आले. पहिल्या दिवसाची विक्री ४६६.५९ डॉलर झाली.

पुढे दुकान गावाच्या मध्यवर्ती त्रिकोणी चौकालगत हलले. १९०७ मध्ये पेनी यांनी भागीदारांचे हिस्से विकत घेतले. १९१३ मध्ये कंपनीला त्यांचे नाव मिळाले.

चौकालगतचे ‘मदर स्टोअर’ आणि पेनी यांचे छोटे घर यांना १९७८ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. म्हणजे आज जपलेली वास्तू माळ्याचे ते पहिले लाकडी दुकान नव्हे.