डोंग्यापासून ‘म्हादेई’पर्यंत

मी चंद्रपूरचा. आमच्याकडे नाव म्हणजे वैनगंगेतला डोंगा. समुद्र बघायला अख्खा महाराष्ट्र ओलांडायचा. म्हणूनच दिलीप दोंदेंची गोष्ट सांगतो. शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. कल्पना निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटींची. आणि ते राहायचे कुठे? फलटणजवळच्या विंचुर्णीत, समुद्रापासून लांब!

२००६ मध्ये नौदलातले दोंदे पुढे आले. असं करून आलेला एकही भारतीय नव्हता, विचारणार कुणाला? मग ते इंग्लंडला रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनकडे गेले. ते जगप्रदक्षिणेच्या शर्यतीसाठी बोट तयार करत होते. दोंदे त्यांच्या हाताखाली राबले, शिकले. परत येऊन गोव्यात ‘म्हादेई’ बांधून घेतली. १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले, १९ मे २०१० ला परतले. नऊ महिन्यांच्या त्या सफरीमागे तीन वर्षांची उमेदवारी होती, बरं का!