विलायतेंतील शाकारणी

मृग लागण्यापूर्वीं घर शाकारून घ्यावें, हें कोंकणांतल्या घरधन्याला शिकवावें लागत नाहीं. वैशाख सरत आला कीं कौलें चाळलीं जातात, फुटकीं तेवढीं काढून नवीं बसवितात, आढ्याच्या चुन्याला पडलेल्या भेगा बुजवितात, पन्हळींतला पाचोळा उपसतात, आणि मग आभाळ भरून आलें तरी घरांतलीं माणसें स्वस्थ राहतात. आपल्या शाकारणीची वेळ ठरलेली आहे, कारण आपल्या पावसाचीही वेळ ठरलेली आहे. परंतु ज्या देशांत पाऊस बाराही महिने कोणत्याही दिवशीं येतो, ऊन पुष्कळदां नांवालाच पडतें, आणि भिंतींत मुरलेलें पाणी हिंवाळ्यांत जागच्या जागीं गोठतें, तेथें घर शाकारावयाचें तें केव्हां आणि कोणीं? ब्रिटनमधील लोकांनीं या साध्या प्रश्नाचीं गेल्या तीनशें वर्षांत निरनिराळीं उत्तरें दिलीं. त्यांतलीं कांहीं शहाणपणाचीं होतीं, कांहीं क्रूर होतीं. आणि घरांना सर्वांत महाग पडलें तें उत्तर म्हणजे, एकदांच काय तो कायमचा बंदोबस्त करून टाकावा व पुन्हां छपराकडे पाहूं नये, हें होय.

नुसते आंकडे पाहिले तर आपणांस तेथील पावसाचें हंसूंच येईल. लंडनमध्यें वर्षाकांठीं सुमारें ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईंत एकट्या जुलै महिन्याचा सरासरी पाऊस याहून अधिक भरतो. मग ओल, बुरशी आणि कुजलेलें लाकूड यांचा जाच लंडनच्या घराला एवढा कां? याचें कारण पाणी पडतें किती यांत नसून तें वाळतें कधीं यांत आहे. मुंबईची भिंत चार महिने भिजते आणि आठ महिने तापते. लंडनची भिंत थोडथोडीच भिजते, पण ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत तिला पुरतें वाळण्यास अवसर मिळत नाहीं. त्यांत थंडीची भर. पाणी गोठलें म्हणजे त्याचें आकारमान सुमारें ९ टक्क्यांनीं वाढतें. विटेच्या बारीक छिद्रांत तें गोठलें तर तिचा वरचा पापुद्रा ढलपीसारखा सुटून येतो. म्हणून तेथें घराच्या निगेचे दोन हंगाम झाले. पानगळ संपतां संपतां, नोव्हेंबरच्या सुमारास, पन्हळी साफ करावयाच्या, पाटीच्या दगडाच्या सरकलेल्या चिपा छपरावर पुन्हां बसवावयाच्या, धुराडें झाडून घ्यावयाचें, उघड्यावरच्या नळांना चिंध्या किंवा पेंढा गुंडाळावयाचा. आणि वसंत आला कीं हिंवाळ्यानें काय नेलें तें पाहून दर्जा भरावयाच्या, चुन्याचा हात द्यावयाचा व खिडक्यांना रंग लावावयाचा.

या देशांतलें मला सर्वांत चतुर वाटणारें उत्तर स्कॉटलंडच्या वायव्येकडील लुइस बेटावर सांपडतें. तेथील शेतकऱ्यांच्या जुन्या घरांना ‘ब्लॅकहाउस’, म्हणजे काळें घर, असें म्हणतात. बिनचुन्याच्या दगडांच्या दोन भिंती आणि त्यांच्यामध्यें ठासून भरलेली माती, अशी त्या घराची जाडजूड भिंत. वर गवताळ मातीचे थर व त्यांवर पेंढा. अटलांटिक महासागरावरचा वारा तो उडवूं नये म्हणून छपरावरून दोर टाकून त्यांच्या टोंकांना दगड टांगलेले. घराच्या मध्यभागीं ‘पीट’चा, म्हणजे दलदलींतून कापून वाळविलेल्या काळ्या मातीचा, विस्तव, धुराडें मुळींच नाहीं. माणसें आणि गुरें एकाच छपराखालीं. धूर वाट काढीत काढीत पेंढ्यांतूनच बाहेर पडे, जातां जातां छप्पर कोरडें करी आणि पेंढ्यावर काजळीचीं पुटें चढवी. काजळीनें भरलेला हा पेंढा शेताला उत्तम खत. तेव्हां जुन्या रिवाजाप्रमाणें दरवर्षीं छपराचा पेंढा उतरवून तो शेतांत पसरीत, आणि नव्या पेंढ्यानें घर शाकारीत. येथें शाकारणी म्हणजे निव्वळ खर्च नव्हता. छपरानेंच शेताचें देणें फेडावें असा तो हिशेब होता. अशा घरांतलें राहणें सुखाचें होतें, असें मात्र कोणीं समजूं नये. धूर आणि गोठा यांच्या शेजारांत आयुष्य काढणें काय असतें तें आपल्याकडील खेड्यांतल्या बायकांना विचारावें. तरीही अर्नोल या गांवांतील ४२ क्रमांकाच्या काळ्या घरांत १९६० नंतरच्या दशकांतही वस्ती होती. पुढें तें घर संग्रहालय म्हणून राखण्यांत आलें, तेव्हां तेथें पीट पेटविण्याची रीतही चालू ठेवण्यांत आली.

शहरांतली गोष्ट निराळी. तेथें छपरावरचें पाणी ही घरधन्याइतकीच रस्त्यानें जाणाराची अडचण होती. अठराव्या शतकाच्या आरंभीं लंडनमधील पुष्कळ पन्हळी सरळ रस्त्याकडे तोंड करून असत, आणि पाऊस आला कीं वाटसरूच्या डोक्यावर धार लागे. १७२४ च्या कायद्यानें हें पाणी नळांतून भिंतीलगत खालीं आणण्याची सक्ती केली. आरंभीं असले नळ शिशाचे असत; एकोणिसाव्या शतकांत ओतीव लोखंडाचे स्वस्त नळ घरोघर आले. वाटसरू कोरडा राहिला खरा, पण घराला एक नवाच धोका चिकटला. पूर्वीं पन्हळीचें पाणी भिंतीपासून दूर फेंकलें जाई. आतां तुंबलेला नळ एकाच जागीं रात्रंदिवस भिंत भिजवीत राहूं लागला, आणि आंतील तुळईचें टोंक कुजून त्याचा भुसा होईपर्यंत त्याचा कोणास पत्ताही लागत नसे. मूठभर ओल्या पानांनीं तुळई खावी, हें आपणांस अतिशयोक्तीचें वाटेल. परंतु तिकडील गवंड्यांचा पोटापाण्याचा धंदा बऱ्याच अंशीं या मूठभर पानांवरच चालत आला आहे.

त्यांतून लंडनमधील पुष्कळ घरें ९९ वर्षांसारख्या मुदतीच्या पट्ट्यानें घेतलेल्या जमिनीवर उभीं होतीं. बाहेरून दर तिसऱ्या वर्षीं आणि आंतून दर सातव्या वर्षीं रंग द्यावा, अशी अट या पट्ट्यांत पुष्कळदां घातलेली असे. पण जें घर थोड्याच वर्षांत जमिनीच्या मालकाकडे जावयाचें, त्याच्या छपरावर पैसा कोण घालणार? पट्टा संपत आला कीं खोलीखोलीनें भाडेकरी भरावे, आणि ओल त्यांच्या पदरांत टाकावी, हा व्यवहार ठरून गेलेला होता.

परंतु घराच्या निगेचा भार दुसऱ्याच्या शिरावर टाकण्याचा याहून भयंकर प्रकार धुराड्यांच्या बाबतींत घडला. दगडी कोळशाची काजळी वेळच्या वेळीं काढली नाहीं तर धुराडें पेट घेतें. म्हणून तें झाडून घेणें अवश्य. आणि कांहीं धुराड्यांच्या नळ्या तर नऊ इंच चौरस. तींत शिरणार कोण? पांच-सहा वर्षांचीं मुलें त्यांत चढविलीं जात. गुडघे आणि कोंपर यांच्या जोरावर हीं मुलें वर सरकत. कित्येक मध्येंच अडकून गुदमरून मेलीं. १७७५ मध्यें पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्यानें धुराडीं झाडणारांना होणाऱ्या कर्करोगाचें वर्णन केलें व त्याचा संबंध काजळीशीं जोडला. धंद्यामुळें होणाऱ्या कर्करोगाच्या अभ्यासाचा आरंभ येथूनच मानतात. १७८८ मध्यें आठ वर्षांखालील मुलांना या कामास लावूं नये असा कायदा झाला. तो कोणीं पाळला नाहीं. १८३४, १८४० आणि १८६४ मध्यें आणखी कायदे झाले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासूनच जोडकाठ्यांचा ब्रश उपलब्ध होता, हें येथें मुद्दाम लक्षांत ठेवावयास पाहिजे. पण आमचें धुराडें वांकडें आहे, त्यांत ब्रश फिरत नाहीं, शिवाय गालिच्यावर काजळी पडते, अशा सबबी सभ्य घरांतून निघत, आणि ज्या घरांत रविवारीं भक्तिभावानें प्रार्थना होई त्याच घरांत सोमवारीं मूल धुराड्यांत चढे. चार्ल्स किंग्जली यांच्या १८६३ मधील ‘वॉटर बेबीज’ या कथेचा नायक असलाच एक पोर आहे. शेवटीं १८७५ च्या फेब्रुवारींत केंब्रिजजवळील फुलबर्न येथें जॉर्ज ब्रूस्टर हा अकरा-बारा वर्षांचा मुलगा एका इस्पितळाचें धुराडें साफ करतांना मरण पावला. त्याच्या मालकास शिक्षा झाली, आणि लॉर्ड शाफ्ट्सबरी यांच्या खटपटीनें त्याच वर्षीं असा कायदा झाला कीं धुराडीं झाडणारास पोलिसांकडून परवाना घ्यावा लागूं लागला. मुलें धुराड्यांत चढण्याचें बंद झालें. वांकडीं धुराडीं पुढें ब्रशानेंच साफ होऊं लागलीं.

निगा राखणें म्हणजे कायम हात राबता ठेवणें, ही गोष्ट या काळांत दोन मोठ्या पुरुषांनीं स्वच्छ सांगितली. ज्यांच्या ‘अन्टु धिस लास्ट’ या पुस्तकानें १९०४ मध्यें गांधीजींना भारून टाकलें, त्या जॉन रस्किन यांनीं १८४९ च्या आपल्या वास्तुकलेवरील ग्रंथांत, वेळीं घातलेलें शिशाचें पत्र्याचें ठिगळ व वेळीं काढलेला पाचोळा छप्पर आणि भिंती दोन्ही वांचवितो, असा अभिप्राय दिला आहे. हा ग्रंथ सौंदर्यमीमांसेचा. त्यांत पन्हळ साफ करण्याची गोष्ट यावी याचें नवल वाटतें, पण मला त्यांतलें हेंच स्थळ सर्वांत टिकाऊ वाटतें. पुढें १८७७ मध्यें ट्युक्सबरी येथील जुन्या मठमंदिराचा ‘जीर्णोद्धार’ होऊं घातला असतां कवि व कारागीर विल्यम मॉरिस यांनीं त्याविरुद्ध पत्र लिहिलें, आणि प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठीं एक संस्था स्थापन केली. इमारत पडूं द्यावयाची आणि मग थाटानें नवी करावयाची, यापेक्षां रोजची देखभाल करावी, असा तिचा आग्रह. याच संस्थेनें पुढें एकविसाव्या शतकांत, दर नोव्हेंबरच्या सुमारास, लोकांनीं आपापल्या पन्हळी पाहाव्या म्हणून घराच्या निगेचा एक आठवडा पाळण्याचा उपक्रम काढला.

परंतु मॉरिस यांच्या संस्थेला खरा सामना द्यावा लागला तो सिमेंटशीं. लीड्सच्या जोसेफ अ‍ॅस्पडिन या गवंड्यानें १८२४ मध्यें ‘पोर्टलंड सिमेंट’चें पेटंट घेतलें. लंडनच्या १८५९ नंतर बांधलेल्या मोठ्या गटारांत त्याचा उपयोग झाला व तेथें त्यानें उत्तम काम दिलें. नवें बांधकाम सिमेंटचें असावें यांत वाद नाहीं. घोंटाळा झाला तो जुन्या घरांच्या दुरुस्तींत. चुन्याच्या दर्जांची भिंत पावसाचें पाणी शोषते आणि वारा सुटला कीं सोडते. त्यांत चुना हळूहळू झिजतो, वीट मात्र सुखरूप राहते. झिजलेला चुना कांहीं दशकांनीं खरवडून नवा भरावा, म्हणजे भिंतीला पुन्हां नवें आयुष्य मिळालें. हा वारंवारचा खटाटोप चुकवावा म्हणून विसाव्या शतकांत घरोघर सिमेंटनें दर्जा भरण्यांत आल्या, वरून सिमेंटचा गिलावा चढविण्यांत आला. आतां दर्ज कठीण आणि वीट मऊ! बारीक भेगांतून पाणी आंत शिरे, पण त्याला बाहेर पडावयास वाट नुरे. थंडींत तें गोठे, आणि दर्ज शाबूत राहून विटेचाच चेहरा गळून पडे. आपल्याकडील जुन्या वाड्यांना सिमेंटचा गिलावा चढविणारांना या प्रकारांतला ओलीचा भाग तरी चांगलाच परिचित आहे. १९७० नंतरच्या दशकांत वेल्स येथील कॅथीड्रलच्या पश्चिमेकडील शिल्पांची दुरुस्ती चुन्यानें करण्यांत आली, आणि विस्मृतींत चाललेली चुन्याची कारागिरी तेथून पुन्हां शिकली जाऊं लागली.

कायमच्या बंदोबस्ताची हांव एवढ्यावर थांबली नाहीं. १९५२ च्या विषारी धुक्यानंतर १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा झाला. कोळशाच्या शेगड्या हळूहळू गेल्या, धुराडीं बुजविण्यांत आलीं, ऊब बाहेर जाऊं नये म्हणून खिडक्यांच्या फटी बंद करण्यांत आल्या. धूर गेला हें फारच उत्तम झालें. पण शेगडीच्या ओढीनें घरांतील दमट हवा धुराड्यावाटे बाहेर जात असे, हें कोणाच्या ध्यानांत राहिलें नाहीं. स्वयंपाकाची, स्नानाची, श्वासाची वाफ थंड भिंतीवर पाणी होऊन बसूं लागली, आणि कोंपऱ्याकोंपऱ्यांत काळी बुरशी धरूं लागली. पाऊस आतां बाहेरून येत नव्हता, घरांतच पडत होता. आणि दोष कोणाचा? १९६१ च्या कायद्यानें घराचा सांगाडा, गटारें आणि पन्हळी दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी अल्प मुदतीच्या भाड्यांत मालकावर टाकली होती. पण १९८५ मध्यें साउथ वेल्समधील एका खटल्यांत अपील न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, भिंत किंवा खिडकी मोडलेली नसेल, तर नुसत्या साचलेल्या दमटपणामुळें दुरुस्तीचें कलम लागू होत नाहीं. भाडेकऱ्यांना सांगण्यांत येई, खिडक्या उघडा, कपडे घरांत वाळवूं नका. ज्याला घर तापविण्यास पैसा पुरत नाहीं त्यानें जानेवारींत खिडकी उघडी ठेवावी!

२०२० च्या डिसेंबरांत रॉचडेल येथें एका भाड्याच्या घरांत दोन वर्षांचें मूल मरण पावलें. घरांतल्या बुरशीचा दीर्घकाळ संसर्ग हें त्याच्या मृत्यूचें कारण असल्याचें २०२२ च्या न्यायालयीन चौकशींत ठरलें. बुरशीविषयीं आईबापांनीं पूर्वींच तक्रार केलेली होती. त्या मुलाच्या नांवानें ओळखला जाणारा कायदा २०२३ मध्यें संमत झाला व इंग्लंडमधील नगरपालिका आणि गृहसंस्था यांच्या भाड्याच्या घरांना ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. गंभीर ओल किंवा बुरशी यांची तक्रार आल्यावर १० कामाच्या दिवसांत तपास, त्यानंतर ५ कामाच्या दिवसांत घर निर्धोक करणें, आणि जिवाला तातडीचा धोका असल्यास २४ तासांत उपाय, अशा मुदती त्यानें घालून दिल्या. स्वतःच्या मालकीच्या घरांत राहणाराला मात्र अशी तक्रार कोणाकडे करतां येत नाहीं. पानगळ सरली कीं शिडी त्याची त्यानेंच लावावी लागते.